डोअर पॅड न खोलता केलेलं गंजाचं काम

रत्नागिरीकडची एक हॅचबॅक, सहा-सात वर्षं वापरलेली. चारही दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे आले म्हणून मालकाने मे महिन्यात ती एका गॅरेजला दिली. २२,००० रुपये, चार दिवसांचं काम, ‘फुल अँटी-रस्ट ट्रीटमेंट आणि पेंट’, वर तीन वर्षांची गॅरंटी. गाडी परत आली तेव्हा दारं नवी दिसत होती. गणपतीपर्यंत त्याच जागी पुन्हा फुगे, तेही आधीपेक्षा मोठे. गॅरेजवाल्याचं उत्तर एकच: “साहेब, समुद्राची हवा आहे, त्याला आम्ही काय करणार?” हवा खारी आहे हे खरं. पण दारं खोलल्यावर आत जे सापडलं ते हवेने केलेलं नव्हतं.

पुढच्या डाव्या दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढलं, त्यामागचा प्लास्टिकचा पडदा सोलला आणि टॉर्च मारला. तळाशी बोटभर चिखल: धूळ, पालापाचोळा, काचेच्या रबराचा चुरा. त्या चिखलावरूनच काळं रबरी कोटिंग फवारलेलं. ओल्या चिखलावर मारलेलं कोटिंग पत्र्याला धरतच नाही, ते सालीसारखं सोलून हातात आलं. दाराच्या खालच्या धारेत पाणी बाहेर जायला तीन भोकं होती. दोन पुट्टीने बुजलेली, एक रंगाने. बाहेरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत गेल्यावर पुट्टी काही ठिकाणी ५-६ मिलिमीटर जाड निघाली, आणि एका जागी तर पुट्टीमागे पत्राच नव्हता. पडलेल्या भोकाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून वर पुट्टी थापली होती. पुट्टीखालचा गंज पापुद्र्यांसकट जिथल्या तिथे. म्हणजे २२,००० रुपयांत गंजाला हातही लागला नव्हता; उलट पाण्याची वाट बंद करून तो वाढेल अशी सोय झाली होती.

ही फसवणूक इतकी सोपी का आहे, हे दाराची रचना पाहिली की समजतं. गाडीचं दार म्हणजे दोन पत्रे. बाहेरचा पातळ पत्रा, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा, आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबलेला असतो. काचेच्या बाहेरची बिडिंग (रबरी पट्टी) पाणी पूर्ण अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या पोटात उतरतो आणि तळाच्या भोकांतून निघून जातो. भोकं तुंबली की पाणी आणि चिखल त्या दुमडलेल्या कडेत साचून राहतात. दोन पत्र्यांच्या फटीत ओल सहज शिरते, पण वाळत नाही. त्यात मीठ असलं तर गंज आणखी वेगाने धावतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलून वर उचलतो. दाराच्या खालच्या कडेवर फुगा दिसतो तेव्हा गंज बाहेरून आत गेलेला नसतो, आतून बाहेर आलेला असतो. (दाराच्या मधोमध दगड लागून टवका उडाला आणि तिथे तांबूस डाग पडला, तर ती गोष्ट वेगळी. तो वरचा गंज, आणि तो बाहेरूनच सुटतो.)

म्हणून पहिली परीक्षा गाडी देण्याआधीच होते. खालच्या कडेला फुगे आहेत आणि गॅरेजवाला पॅड न खोलता, आत न बघता दर सांगतो आहे, तर तो रंगाचा दर आहे, गंजाच्या कामाचा नाही. सरळ विचारा: “पॅड काढून आत काय करणार?” याला नीट उत्तर आलं नाही तर गाडी उचला.

बरोबर काम कसं होतं ते तपशिलात सांगतो, कारण कुठली पायरी गाळली हे कळल्याशिवाय फसवणूक पकडता येत नाही.

आधी पॅड निघतं. हँडलच्या खोबणीतले आणि आरशाच्या कोपऱ्यातले स्क्रू, मग कडेने बसवलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा. काही गाड्यांत दाराच्या आत साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून इग्निशन बंद आणि बॅटरीची मायनस तार काढलेली हवी. प्लास्टिकचा पडदा न फाडता सोलायचा. तो फाटला की पुढच्या पावसात पाणी थेट पायाखालच्या मॅटवर येतं. मग चिखल खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, भोकं तारेने मोकळी करून दार वाळवायचं. वाळवणं हीच पहिली गाळली जाणारी पायरी. दुमडलेली कडा तासाभरात वाळत नाही. पॅड काढून निदान एक पूर्ण दिवस ऊन किंवा गरम हवा द्यावी लागते.

नंतर बाहेरची बाजू. फुग्याच्या चारही बाजूंनी ४-५ सेंटीमीटर पुढपर्यंत रंग काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघायचं. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. तो कापून ०.८ मिलिमीटरचा नवा तुकडा बसवायचा, तोही लांबलचक टाका न मारता थोड्या-थोड्या अंतरावर मिग वेल्डिंगचे ठिपके देत, नाहीतर उष्णतेने दार लाटेसारखं वाकतं. कडेचा मोठा भाग कुजला असेल तर बाहेरचा पूर्ण पत्रा किंवा दारच बदलणं शेवटी स्वस्त पडतं. प्रामाणिक डेंटर हे आधीच सांगतो, आणि म्हणूनच त्याचा दर जास्त वाटतो.

घासूनही पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतात. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारं औषध, फक्त त्यांच्यासाठी. टॅनिक ॲसिडवालं लावल्यावर जागा काळी पडते, फॉस्फरिकवालं करडा थर सोडतं. सुट्या, पापुद्रे आलेल्या गंजावर दोन्ही निरुपयोगी, कारण औषध वरच्या थरापुरतं काम करतं आणि खालचा गंज तसाच राहतो. आणखी एक खोड: फॉस्फरिकवालं औषध न धुता त्यावर एपॉक्सी प्रायमर मारला तर उरलेल्या ॲसिडमुळे प्रायमर पकड धरत नाही आणि काही महिन्यांत तक्त्यासारखा उचलला जातो. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवायचंच, आणि पुन्हा वाळवायचं.

मग दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. पुट्टी त्याच्यावर. पुट्टी स्वतः पाणी शोषते, तिच्या अंगात टाल्कची पूड असते; गंजावर थेट लावलेली पुट्टी गंजाला ओल पुरवत राहते. घासून झाल्यावर ती २-३ मिलिमीटरपेक्षा जाड राहता कामा नये. शंभर ग्रॅम पुट्टीला साधारण दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. घाईत काम उरकणारे तो जास्त टाकतात, पुट्टी लवकर आवळते, पण पुढे वरच्या रंगावर डाग उठतात. त्यानंतर सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर), रंग, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर).

आणि सगळ्यात शेवटी कॅव्हिटी वॅक्स. मोटारीच्या पोकळ भागांसाठी बनवलेलं हे पातळ मेण लांब नळीच्या नोझलने दाराच्या पोटात, मुख्यतः खालच्या कडेवर फवारतात. ते फटीत झिरपतं आणि मऊच राहतं. एका दाराला साधारण १५० ते २०० मिली लागतं. ते रंगाआधी मारलं तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. काच, काचेची रबरी चॅनेल आणि स्पीकर झाकून घ्यायचे. मेण बसल्यावर भोकांत पुन्हा तार फिरवायची. गाडीच्या पोटाखाली मारतात ते काळं रबरी कोटिंग दाराच्या आत कधीच नको: ते सुकून कडक होतं, चिरतं आणि चिरेमागे पाणी धरून ठेवतं. बिलावर ‘अँटी-रस्ट’ लिहून आत हेच मारलं जातं, कारण ते स्वस्त आहे आणि काळंभोर दिसतं.

गाडी परत घेताना घाई करू नका. दिवसाउजेडी जा, ओल्या गाडीचा ताबा घेऊ नका. दाराच्या खालच्या धारेतली भोकं बोटाने शोधा, दारागणिक साधारण दोन ते चार असतात, आणि केबल टाय आत सरकतो का बघा. बुजलेलं एक भोक दिसलं तरी पैसे देण्याआधी पॅड पुन्हा खोलायला सांगा. मग कागदात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक आधी छताला आणि मग दाराच्या कडेला लावा. छताला घट्ट धरणारं चुंबक कडेला घसरत असेल तर मध्ये जाड पुट्टी आहे. (दार ॲल्युमिनियमचं असेल तर ही परीक्षा लागू नाही, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची दारं पोलादी आहेत.) पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, नीट केलेला दुसरा रंग २००-३०० पर्यंत जातो. आकडा १,००० च्या पुढे गेला की तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी असणं गुन्हा नाही. किती आहे आणि कशावर आहे, हा प्रश्न आहे.

यापेक्षाही भक्कम उपाय काम चालू असतानाचा आहे. आधीच ठरवा की चार फोटो हवेत आणि प्रत्येकात नंबरप्लेट किंवा दारावरचा कंपनीचा स्टिकर दिसला पाहिजे: पॅड काढलेलं दार, चकचकीत पत्रा, प्रायमर मारलेला पत्रा, वॅक्सची नळी आत घातलेली. वरच्या प्रकरणात मालकाला ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो व्हॉट्सॲपवर आले होते, पण दोन्ही बाहेरून काढलेले. मधल्या कामाचा एकही नव्हता, आणि काम झालंच नव्हतं ते नेमकं तिथे.

गॅरंटीचा कागदही वाचा. त्या बिलावर ‘३ वर्षे पेंट गॅरंटी’ एवढंच होतं. रंग उडाला तर गॅरंटी, गंज आला तर नाही, असा अर्थ नंतर काढला गेला. बिलावर लिहून घ्या: कोणती दारं, आतून काय केलं, कोणतं वॅक्स, आणि त्याच जागी गंज परत आला तर काय करणार. जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही.

दार बदलण्यात वेगळा डाव असतो. बिल कंपनीच्या नव्या दाराचं आणि बसवलेलं दार भंगारातून आणलेलं, पुट्टी भरून रंगवलेलं. कंपनीचं नवं दार प्रायमरच्या कोटसह येतं आणि त्यावर पार्ट नंबरचं लेबल असतं. रंगवण्याआधी ते डोळ्यांनी बघा, लेबलचा फोटो घ्या, आणि जुनं दार परत मागा.

गंजाचं दार विम्यात बसवून देतो, फक्त गाडी जरा भिंतीला घासू, असं कोणी सुचवलं तर तिथून निघा. गंज ही झीज आहे आणि विमा पॉलिसीत झीज बसत नाही. सर्व्हेअरला ताजा ओरखडा आणि जुना गंज यांतला फरक ओळखता येतो, आणि खोट्या दाव्यावर सही तुमची असते. नव्या गाडीबरोबर शोरूममध्ये विकलं जाणारं ‘अँटी-रस्ट पॅकेज’ बहुतेकदा गाडीच्या पोटाखालचं असतं. दारांच्या आत काही मारणार का, हे लेखी विचारा, आणि त्यासाठी दाराला नवी भोकं पाडू देऊ नका, कारण कापलेल्या धारेवर जस्ताचा थर उरत नाही. बॅटरीला जोडायच्या ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबीवर तर पैसे घालवूच नका. विजेने गंज थोपवणं समुद्रातल्या जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपला जमतं, कारण भोवतालचं पाणी किंवा ओली माती सर्किट पूर्ण करते. हवेत उभ्या गाडीभोवती असं काही नसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा डबीच्या विक्रेत्यावर १९९० च्या दशकातच कारवाई केली होती.

जुनी गाडी घेताना हेच सगळं उलट्या दिशेने तपासा. किनाऱ्यावरची गाडी पुण्यात किंवा कोल्हापुरात विकायला येते तेव्हा “ओरखडा होता म्हणून दारं रंगवली” हे वाक्य हमखास ऐकू येतं. एक दार रंगवणं समजू शकतं. चारही दारांच्या फक्त खालच्या कडा ताज्या असतील तर पॅड खोलल्याशिवाय टोकन देऊ नका. आत बारीक, एकसारखा गाळ काचेच्या यंत्रणेपर्यंत चढलेला दिसला तर ती पुरात बुडालेली गाडी असू शकते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. पॉलिश करून गाळ बाहेरून जातो, दाराच्या पोटातून जात नाही.

फसलातच, तर दार लगेच दुसरीकडे दुरुस्त करून पुरावा घालवू नका. दुसऱ्या मेकॅनिककडून पॅड खोलतानाचा सलग व्हिडिओ काढा, सुरुवात नंबरप्लेटपासून करा. पुट्टीची जाडी मोजपट्टी लावून दाखवा, बुजलेली भोकं दाखवा आणि त्याच्याकडून सही-तारखेचा लेखी अहवाल घ्या. काढलेले पुट्टीचे तुकडे पिशवीत ठेवा. मग पहिल्या गॅरेजला लेखी नोटीस द्या. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, म्हणून गॅरेजवाल्याच्या “पुढच्या महिन्यात करून देतो”वर थांबून राहू नका.