आमच्या नागरी बँकेचा वार्षिक अहवाल: मनोगत सोडा, टिपा वाचा

यंदाचा अहवाल देखणा झालाय, यात वाद नाही. जाड आर्ट पेपर, मुखपृष्ठावर मुख्य कार्यालयाची नवी इमारत, आत अध्यक्षांचे फोटो: दीपप्रज्वलन करताना, शाल घेताना, शाल देताना. दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, त्यापुढे मनोगत, आणि त्यात ‘ठेवीदारांचा अढळ विश्वास’ व ‘ऑडिट वर्ग अ’. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली, त्यामुळे कुठलाही अहवाल मागून पुढे वाचायची सवय आहे.

घरी येते ती संक्षिप्त प्रत. तिच्यात ताळेबंद आहे, नफातोटा पत्रक आहे, पण हिशेबाच्या टिपा गायब. आणि खरं काय ते त्याच पानांत असतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नागरी सहकारी बँकांनाही टिपांत बरंच काही उघड करावं लागतं. सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांच्या ठेवी किती, वीस मोठ्या कर्जदारांकडे किती पैसा अडकलाय, वर्षभरात नव्याने एनपीए (म्हणजे थकलेलं कर्ज) किती झालं, किती निर्लेखित केलं (म्हणजे ताळेबंदातून काढून टाकलं), रिझर्व्ह बँकेने दंड केला असेल तर किती, सगळं.

शाखेत पूर्ण अहवाल मागितला, तर काउंटरवरच्या मुलाने कॅलेंडर पुढे केलं! अधिकारी म्हणाले, “ताई, सभेला या ना, तिथे बघू.” शेवटी मुख्य कार्यालयात मिळाला, तोही चहासकट. वेबसाइटवर आहे म्हणतात, आहेही. पण पानं आडवी स्कॅन केलेली आणि नेमके टिपांचेच आकडे पुसट.

आता मजकुराकडे. दंडाची नोंद लपवलेली नाही, कारणासह छापलीय. रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकाशी ताडून पाहिली, जुळली. वीस मोठ्या कर्जदारांचा हिस्साही गेल्या वर्षीपेक्षा उतरलाय, हे मला सगळ्यांत आवडलं. खटकलं ते वेगळंच. ढोबळ (म्हणजे तरतूद वजा न करता मोजलेला) एनपीए घटला म्हणून मनोगतात पाठ थोपटून घेतलीय, आणि टिपांत बघावं तर वसुली थोडी, निर्लेखन जास्त. निर्लेखन नियमात बसतं, कर्जदार त्याने सुटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याला ‘वसुली मोहिमेचं यश’ म्हणायचं म्हणजे फारच झालं.

सभेत हे विचारलं. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात ताळेबंदाचा विषय निघून चालला होता, तरी माईक मिळाला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी निर्लेखित रक्कम आणि तीतून झालेली वसुली असे दोन्ही आकडे तिथल्या तिथे सांगितले. अध्यक्ष घड्याळ बघत होते.

छापील आकड्यावर किती विसंबायचं, याचं उत्तर पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेने देऊन ठेवलंय. मार्च 2019 अखेर तिने ढोबळ एनपीए 3.76 टक्के दाखवला होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, खात्यातून सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते, आणि तपासात निघालं की सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे, 21 हजारांवर बनावट खात्यांच्या आड. असली लबाडी टिपा वाचून सापडत नाही. म्हणून ठेव विम्याची (बँक बुडाली तर ठेव परत देणाऱ्या विम्याची) जी 5 लाख रुपयांची मर्यादा आहे, मी व्याज धरून त्याच्या आतच पैसे ठेवते. बँक आवडते, तरीही.

छपाईला पाचपैकी पाच, प्रामाणिकपणाला साडेतीन, हाती लागण्याच्या सोयीला एक. पूर्ण प्रत हवी असेल तर शाखेत वेळ घालवू नका; मुख्य कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर हिशेब विभागात मागा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जा.