ब्रेक ड्रमची धूळ: हवा, ब्रश, पाणी की व्हॅक्यूम?

लळिंगचा घाट उतरून आलेल्या ट्रकचा ड्रम हाताला सोसत नाही. तासभर थांबायचं, मग चाक काढायचं, ड्रम ओढायचा. तेवढ्यात हेल्पर पोऱ्या कुणी न सांगता हवेची गन उचलतो. एक फुस्स, आणि आतली करडी पूड त्याच्या भुवयांवर, चहाच्या ग्लासात आणि पलीकडे क्लच खोलून बसलेल्या मेस्त्रीच्या नाकात. मीही कितीतरी वर्षं अशीच काढली. आता भाचा शिरपूरला हायवेवर गॅरेज टाकतोय. "मामा, ड्रम साफ करायला काय घेऊ?" असं त्याने विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी भीती कशाची ते. लायनर (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या शूवर बसवलेला घासणारा पट्टा), क्लच प्लेट, जुन्या गॅस्केट यांत पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल हे उष्णता सोसणारं तंतूंचं खनिज, वापरत आले. जुन्या लायनरमध्ये तो जवळपास निम्म्या वजनापर्यंत असायचा. युरोपियन युनियनने २००५ पासून तो बंद केला, अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये बंदीचा नियम जारी केला. आपल्याकडे खाणी थांबल्या, पण परदेशातून पांढरा ॲस्बेस्टॉस येतोच. त्याचा तंतू दिसत नाही आणि खाजतही नाही. फुप्फुस कडक होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, हे तिन्ही त्यातून होतात, पण बहुतेकदा वीस-तीस-चाळीस वर्षांनी. विसाव्या वर्षी धूळ खाल्लेला पोऱ्या पन्नाशीत जिना चढताना थांबतो, तोवर कुठल्या गॅरेजला होता ते त्यालाच धड आठवत नाही.

आता पर्याय. हवा सगळ्यात स्वस्त, कारण कॉम्प्रेसर टायरसाठी घेतलेलाच असतो. अर्ध्या मिनिटात ड्रम चकाचक. पण धूळ जात नाही, फक्त ड्रममधून शेडमध्ये येते, आणि बारीक कण तासन् तास तरंगत राहतात. कोरडा ब्रश त्याचाच धाकटा भाऊ: धूळ थोडी कमी उडते, पण तोंड ड्रमच्या जास्त जवळ असतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ब्रेकच्या कामाला हे दोन्ही चालत नाहीत. माझ्या हिशेबाने हे दोन्ही इथेच बाद.

राहिले पाणी आणि व्हॅक्यूम. व्हॅक्यूम म्हणजे घरचा नव्हे. साधा व्हॅक्यूम जाडी धूळ पिशवीत ठेवतो आणि बारीक धूळ मागून बाहेर फेकतो, म्हणजे हवेची गनच, फक्त महागडी. हेपा फिल्टरवाला लागतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. मशीन चांगलंच आहे, वाद नाही. पण त्याचा फिल्टर बदलायचा असतो, आणि तो बदलतानाच सगळ्यात जास्त धूळ अंगावर येते. वीज गेली की ते बंद. कारचं मोठं वर्कशॉप असेल, दिवसाला दहा गाड्यांचे ब्रेक होत असतील आणि मशीनची काळजी घेणारा एक माणूस ठरलेला असेल तर जरूर घ्या. शिरपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते चार महिन्यांत कोपऱ्यात जाईल, हे मी भाच्याला तोंडावर सांगितलं.

त्याच्यासाठी पाणी. कपाशीवर फवारायला जो हातपंप असतो तोच, पण नवा घ्या. औषध मारलेला नको. पाण्यात थोडी साबणपूड. नोझल बारीक, दाब कमी, जोराची धार नको, नाहीतर धूळ पाण्यासोबत उडते. खाली पत्र्याची पसरट घमेली ठेवायची, आधी बाहेरून भिजवायचं, मग ड्रम थोडा सरकवून आत, मग पूर्ण काढून शू आणि त्यामागची प्लेट. ड्रम गार झाल्याशिवाय पाणी मारू नका, तापलेलं बीड तडकतं. डिझेलने धुण्याची आपली जुनी खोड सोडा. लायनर डिझेल पितं आणि ब्रेक घसरतो. नंतर गाडी चालवून पाहायची, ओलं लायनर पहिल्या दोन-चार ब्रेकला पकडत नाही.

पाण्याची खरी कटकट नंतरची आहे. घमेलीतला गाळ उन्हात ठेवला तर मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात तासाभरात वाळून परत उडायला मोकळा. ओला असतानाच जाड पिशवीत बांधायचा. हे केलं नाही तर पाण्याचा सगळा उद्योग फुकट.

आणखी एक, जे बहुतेक जण उलटं समजतात. ड्रममधली काळी पूड पाहून आपण घाबरतो, पण ब्रेकच्या उष्णतेने तिच्यातला बराचसा तंतू दुसऱ्या खनिजात बदललेला असतो, उरलेला सहसा शंभरात एकाहून कमी. मेसोथेलिओमा मेकॅनिकांत खरंच वाढतो का, यावर संशोधकांत वादही आहे. पण रिव्हेट मारून झाल्यावर नवं लायनर ग्राइंडरवर घासता, कडा तासता, पॉलिश पेपर मारता, तेव्हाचा भुगा जळालेला नसतो. लायनरिंगच्या दुकानात माझी खरी काळजी तिथे आहे. जमेल तिथे मापाचा तयार शू घ्या. घासायचंच असेल तर ओलं करून हाताने घासा.

खोक्यावर 'ॲस्बेस्टॉस फ्री' छापलेला माल आणि सुटं लायनर यांत खोक्याचा माल घ्या. सुट्या लायनरकडे पाहून आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही. पण बिनॲस्बेस्टॉसचा शू बसवला म्हणून हवेची गन परत काढायची नाही. आत आधीची धूळ असते, आणि कुठलीच ब्रेकची पूड फुप्फुसाला मानवत नाही.

मास्कवर मी थोडंच बोलतो. रुमाल आणि सर्जिकल मास्क या तंतूपुढे काहीच नाहीत, एन-९५ही ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा धरत नाहीत. लागतो तो पी-१०० फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा, आणि दाढी असेल तर तोही कडेने गळतो. ४४ अंशांत तो किती वेळ तोंडावर राहील? म्हणून आधी पाणी, मग मास्क. कामाचे कपडे घरी झटकायला द्यायचे नाहीत, ॲस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. ही धूळ खाऊन वर बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन नाही, कितीतरी पटींनी वाढतो.

तपासणीला एक्स-रे आणि फुंकरीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, यांत एकच निवडायची वेळ येऊ देऊ नका, दोन्ही करा. एक्स-रेवरचे डाग आपल्याकडे टीबी समजले जाऊ शकतात. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेलात, की केसपेपरवर धंदा 'मजुरी' असं लिहू देऊ नका. 'ब्रेक-क्लचचं काम, इतकी वर्षं' असं लिहून घ्या.