स्वस्तातले कॅमेरे, माळवदाचं घर आणि आखाडा: वर्षभर वापरून काय वाटलं

सोयाबीनची रास (मळणी) झाली तेव्हा हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, भाव चार हजारांच्या आसपास. गावातल्या बहुतेकांसारखी आम्हीही कट्ट्यांची (पोत्यांची) घरातच थप्पी लावली, आणि कॅमेऱ्याचा विषय तिथून निघाला. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर घराला दोन वायफाय कॅमेरे बसवले. ढाळजेच्या, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीच्या, दारावर तीन मेगापिक्सेलचा, एका जागी स्थिर राहणारा. आत चौकात मान फिरवणारा. उन्हाळ्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या मुक्कामाच्या जागी, सोलर पॅनेलचा, सिमवर चालणारा तिसरा आला. गाव सेलू तालुक्यातलं, जिल्हा परभणी. म्हणजे मे महिन्यात ४३-४४ अंश आणि थंडीत पारा एकेरी आकड्यावर. कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेल्या गोष्टी या हवेत तपासून निघाल्या.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. दर काही महिन्यांनी मॉडेल बदलतं, आणि दोन-अडीच हजारांच्या गटात दिवसाच्या चित्राचा फरक उन्नीस-बीसच असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्वस्त कॅमेरा चालतो. रडतात त्या त्याच्या मागच्या गोष्टी, म्हणजे वीज, नेट, कार्ड आणि जागा. कॅमेऱ्यावर वाचलेले पैसे तिथं घाला.

दुकानदार चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि हार्डडिस्क असा सेट गळ्यात मारत होता. तो वाईट नाही. स्लॅबचं घर असेल, चार कॅमेरे लागणारच असतील, तर वायरवालाच घ्यावा. नेट असो नसो, तो चालत राहतो. आमच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या धाब्याला, मात्र जागोजाग भोकं पाडली की पावसाळ्यात गळती ठरलेली, म्हणून वायफाय.

आता भिंतीचं. आमची भिंत दगड-मातीची, दोन हात रुंद, जिच्या पोटात पूर्वी धान्याचं बळद (कोठार) होतं. नेटची पेटी बैठकीत आणि कॅमेरा ढाळजेत, मध्ये अशा दोन भिंती. स्वस्त कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. ५ गिगाहर्ट्झपेक्षा ते भिंतीतून जास्त पार होतं, तरी आमच्या भिंतींनी त्यालाही अडवलं. चित्र अडकत अडकत यायचं. सिग्नल वाढवणारं यंत्र घ्या, असं जो तो सांगतो. त्यापेक्षा बैठकीतून ढाळजेपर्यंत एक लॅन केबल ओढली आणि तिथं घरातलाच जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट (तिथून पुन्हा वायफाय देणारं ठिकाण) करून ठेवला. त्यानंतर ती तक्रार संपली. नवा कॅमेरा जोडताना मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर काही अ‍ॅप नुसती गोल फिरत बसतात. मोबाईल आधी २.४ वर आणा, अर्धं डोकं वाचेल.

लाईट गेल्यावर काय होतं हे कुठल्याच जाहिरातीत नाही. कॅमेरा बंद, राऊटर बंद, अंधार. चोराला हवी ती वेळ नेमकी तीच. इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि कॅमेरा परत नेटला लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. आमच्याकडं लाईट दिवसातून कितीदा येते-जाते हे सांगायला नको. म्हणून बैठकीत एक आणि ढाळजेत एक असे दोन मिनी यूपीएस लावले, प्रत्येकी हजार-बाराशेचे. बाहेरचा कॅमेरा १२ व्होल्ट १ अँपिअरवर चालतो आणि जुना राऊटरही १२ व्होल्टचाच, त्यामुळे एका २ अँपिअरच्या यूपीएसवर दोघं बसले. अडीच-तीन तास निघतात. घेण्याआधी राऊटरच्या मागचा आकडा वाचा, काही राऊटर ९ व्होल्टचे असतात. चौकातला ५ व्होल्टचा, तो सरळ इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहे. दोन मिनिटं गेली तर गेली.

डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की मात्र सगळंच बसतं, मोबाईलचा टॉवरसुद्धा. नेट नसलं तरी वीज असेपर्यंत कॅमेरा कार्डावर रेकॉर्ड करत राहतो, एवढा दिलासा. पण त्यातही गोम आहे. चौकातला कॅमेरा नेटशिवाय पुन्हा सुरू झाला की त्याचं घड्याळ थेट १ जानेवारी १९७० वर जातं. वेळ तो नेटवरूनच घेतो. त्या काळातलं रेकॉर्डिंग नंतर शोधायचं म्हणजे गवतातली सुई. यूपीएसवरच्या बाहेरच्या कॅमेऱ्याला हा त्रास क्वचित.

कार्डाचा हिशेब सोपा आहे, तरी दुकानात कुणी करून देत नाही. कॅमेरा सतत १ एमबीपीएसनं (सेकंदाला एक मेगाबिट) लिहीत असेल तर दिवसाला साधारण १०.८ जीबी भरतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर दहा-अकरा दिवस, आणि २ एमबीपीएस असेल तर पाच-साडेपाच. भरलं की जुनं पुसून वर नवं लिहितो. सेटिंगमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) असेल तर तेच ठेवा, जागा बरीच वाचते. मोबाईलचं साधं कार्ड रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनलेलं नसतं. हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या. पाच-सहाशे जास्त जातात, पण साधं कार्ड न सांगता मरतं. अ‍ॅपमध्ये थेट चित्र दिसत राहतं, म्हणून कळतही नाही, आणि गरज पडली की मागचं काहीच नाही. महिन्यातून एकदा कालचं, परवाचं रेकॉर्डिंग उघडून बघायची सवय ठेवा. बाजारात १२८ छापलेली आणि आत ३२ च मावणारी कार्डंही फिरतात. कॉम्प्युटरवर एकदा काठोकाठ भरून, फाईली परत उघडून बघितल्याशिवाय कॅमेऱ्यात घालू नका.

रात्रीचं चित्र डब्यावरच्या फोटोसारखं नसतं. कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांवर बघतो. आमची ढाळज चुन्यानं रंगवलेली, कॅमेरा भिंतीला खेटून, त्यामुळे तो उजेड भिंतीवरून परत येऊन अर्धं चित्र पांढरं करायचा. भिंतीपासून वीतभर पुढं घेतल्यावर सुटलं. खिडकीच्या काचेआडून लावला तर रात्री हेच होणार. पावसाळ्यात त्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांवर पाली, आणि कोळ्याला तर ती जागा फारच आवडते. भिंगासमोरचा एक धागा वाऱ्यानं हलला की मोबाईल रात्रभर टुणटुण करतो. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यापासून पाच-सहा फुटांवर नऊ वॅटचा एलईडी लावला आणि इन्फ्रारेड बंद केलं. किडे दिव्याकडं गेले, चित्रही रंगीत झालं. इशारा फक्त माणसासाठी ठेवता येतो आणि तो बऱ्यापैकी अचूक आहे; मात्र दोरीवरचं अण्णांचं धोतर वाऱ्यानं फुगलं की अ‍ॅपला अजूनही माणूस दिसतो.

चेहरा किती लांबून ओळखू येतो, हा खरा प्रश्न. अनोळखी माणूस चित्रावरून ओळखायचा तर मीटरभर रुंदीवर साधारण २५० पिक्सेल लागतात, असं मानक आहे. २.८ मिलिमीटरचं भिंग खूप रुंद बघतं. तीन मेगापिक्सेलचे २३०४ पिक्सेल त्या रुंदीत पसरले की ओळखीचं अंतर चार मीटरच्या आत येतं. पुढं 'कुणीतरी आहे' एवढंच. डब्यावरचं '३० मीटर नाइट व्हिजन' म्हणजे ३० मीटरवर हालचाल दिसेल, तोंड नाही. आणि कॅमेरा उंच बसवायचा मोह फार होतो. दहा फुटांच्या वर गेला की टोप्या आणि पागोटीच दिसतात. त्यात माणसानं तोंडाला दस्ती बांधली असेल तर विषयच संपला. आमचा आठ फुटांवर, दाराच्या उंबऱ्याकडं तोंड करून आहे. सबंध गल्ली दिसत नाही, पण दारातला माणूस स्वच्छ दिसतो.

फेब्रुवारीत गल्लीतल्या एकाची मोटारसायकल गेली आणि सगळे आमच्याकडं आले. चित्रात गाडी होती. नंबर नव्हता: हेडलाईटच्या झगझगाटात पाटी पांढरीफटक. साध्या कॅमेऱ्याकडून रात्री नंबरप्लेटची अपेक्षाच ठेवू नये. पण वेळ मिळाली, पहाटे ३ वाजून १० मिनिटं, आणि गाडी कुठल्या रस्त्यानं गेली तेही. पुढच्या चौकातल्या दुकानाचं फुटेज नेमकं कुठून बघायचं, ते पोलिसांना त्यावरून कळलं. असं काही द्यायची वेळ आली तर मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. मूळ फाईल काढून ठेवा, काटछाट करू नका, आणि कार्ड लगेच बाहेर काढा, नाहीतर आठवड्यात वर नवं लिहिलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्यात, अशा डिजिटल पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी तेच ६५-ब होतं.

घरात कॅमेऱ्याचं स्वागत झालं नाही. न्हाणी चौकातच. पहिल्या आठवड्यात माय म्हणाली, "मी केस वाळवायला बसले तर तिकडं पुण्यात धाकटा बघायलाय का?" दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर टॉवेल. तिचं बरोबर होतं. कॅमेऱ्याला पहाटे पाच ते नऊ झाकण टाकायची वेळ लावून दिली. भिंग आत वळतं, हे तिला समोर उभं करून दाखवलं. नंतर त्याचं तोंडच कट्ट्यांच्या खोलीकडं कायमचं वळवलं. आता तीच विचारते, दूधवाला किती वाजता आला होता बघ बरं. बाहेरच्या चित्रात शेजारच्या काकूंचं दार यायचं, तेवढ्या भागावर अ‍ॅपमधून काळी पट्टी टाकली आणि काकूंना बोलावून दाखवली. चोरून कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई खाली गुन्हा आहे, हे खरं. पण आमच्याकडं त्याआधी गल्लीतली भांडणं येतात.

पुण्याच्या भावाला पासवर्ड दिला नाही, अ‍ॅपमधून 'शेअर' केलं. तेवढ्यात त्याला बघता येतं, सेटिंग बदलता येत नाही. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं मूळ पासवर्ड न बदललेले असेच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला होता. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडं विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. त्यानंतर काही बेनाम कॅमेरे फारच पडेल भावात दिसतात, तो जुना साठा असू शकतो. डब्यावरचा आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू दोन्ही समोर येतात. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

आखाड्यावरच्या कॅमेऱ्यावर मी अजून पूर्ण खूश नाही. मोटारीची वायर, स्टार्टर, ठिबकचे पाइप असं दरवर्षी कुणाचं ना कुणाचं जातं. तिथं वायफाय नाही आणि लाईट पाळीनं, म्हणून सहा हजारांचा फोर-जी सोलर. बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे सतत रेकॉर्ड करत नाहीत. अंगाच्या उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला हालचाल जाणवली की जागे होतात, त्यामुळे माणूस अर्धा पुढं गेल्यावर चित्र सुरू होतं. शिवाय मे महिन्यात हवाच माणसाच्या अंगाइतकी तापते. सेन्सरला फरक कळत नाही, आमचा सालगडी समोरून गेला तरी कॅमेरा झोपलेला. थंडीत तोच लांबून ओळखतो, म्हणतात. तो अनुभव यायचाय. दुसरी गंमत भर उन्हाळ्यातली: ऊन रखरखीत आणि बॅटरी उतरलेली. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढं तापली की चार्जिंग थांबवतात, आणि पत्र्याला चिकटलेला डबा त्यापुढं सहज जातो. कॅमेरा छपराच्या सावलीत, उत्तरेकडं घेतला आणि पॅनेल जादा वायरनं वेगळं, दक्षिणेकडं तोंड करून उन्हात ठेवलं. मग जमलं. काचेवरचा धुराळा आठवड्यातून एकदा सालगडी पुसतो. सिम घेताना जाहिरात बघू नका, आखाड्यावर उभं राहून मोबाईल बघा. एक तास थेट चित्र बघितलं तर १ एमबीपीएसनं साडेचारशे एमबी जातात, त्यामुळे हौसेनं बघत बसायचं यंत्र हे नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात बाहेरच्या कॅमेऱ्याच्या आय-पी ६६ ची (धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जाची) परीक्षा झाली. कॅमेऱ्यात थेंब गेला नाही. पाणी शिरलं ते त्याच्या शेपटीच्या वायरीला अ‍ॅडाप्टर जोडतात त्या जोडात. तो टेपनं गुंडाळून भिंतीवर उघडाच लोंबत होता. पिन हिरवी पडली, कॅमेरा बंद. पिन कापून नवी लावली, जोड प्लास्टिकच्या चौकोनी डबीत घेतला, आणि वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर नेली, म्हणजे पाणी झोळावरूनच गळतं. डबी पन्नास रुपयांच्या आत मिळते. फिटर स्वतःहून बसवत नाही, त्याला सांगावं लागतं.