पुन्हा छप्पर टाकताना: कौल, पत्रा की स्लॅब

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या आवारात तिन्ही प्रकारची छपरं होती. माजघर आणि ओटी जुन्या मंगलोरी कौलांखाली. पुढची आणि मागची पडवी रंगीत पत्र्याखाली, वडिलांनी हौसेनं केलेली. आणि गडग्यापलीकडे चुलतभावाचा स्लॅबचा बंगला. संध्याकाळी बाहेर येऊन पाहिलं तर पडवीचे पत्रे लोखंडी पाइपांसकट पोफळीच्या आगरात जाऊन पडले होते. माजघरावरची साधारण तिसरा हिस्सा कौलं गेली होती, पण वासे जागच्या जागी होते. भावाच्या स्लॅबला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त स्लॅबवर घातलेली पत्र्याची शेड गायब होती. ती दोन दिवसांनी आमच्या विहिरीमागे सापडली.

तेव्हापासून घर बांधणारे किंवा दुरुस्त करणारे नातेवाईक फोन करून एकच विचारतात, आता काय टाकू? चौरस फुटाला दर काय आणि टिकतं किती, हे तुम्ही दोन ठेकेदारांना आधीच विचारलेलं असणार. ते सोडून देतो. मी इंजिनिअर नाही, तेव्हा पुढचं सगळं अनुभवाच्या भाषेत घ्या.

एक हिशोब मात्र कागदावर करून पाहण्यासारखा आहे. निसर्ग वादळाच्या वेळी झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. एवढा वारा चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलोचा जोर लावतो. छपराच्या कडेला, कोपऱ्यात आणि पुढे आलेल्या वळचणीला त्याहून जास्त, कारण तिथे वरून ओढ लागते आणि खालूनही वारा शिरतो. आता वजनं बघा. पत्रा चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. मंगलोरी कौल ४० च्या आसपास. पाच इंची स्लॅब ३०० किलो. म्हणजे स्लॅब आपल्या वजनावर बसून राहते. कौल आणि पत्रा दोन्ही बांधल्याशिवाय राहत नाहीत, आणि ‘आमची कौलं जड आहेत, काही होत नाही’ हा वाडीतला जुना भरवसा या आकड्यापुढे टिकत नाही.

स्लॅबच्या बाजूनं बोलायचं तर वादळाच्या त्या तीन-चार तासांत आम्ही बाराजण भावाच्याच हॉलमध्ये बसलो होतो. तेव्हा कौलाचं कौतुक कुणीही केलं नसतं. पण कोकणात स्लॅब एकटी राहत नाही. दोन-चार पावसाळ्यांत ती झिरपायला लागते, मग वॉटरप्रूफिंग, मग पुन्हा झिरपणं, आणि शेवटी वर शेड. शेड आली की वाऱ्याच्या दृष्टीनं तुम्ही परत पत्र्यावर आलात, तेही आणखी उंचावर. समुद्राजवळ खाऱ्या हवेनं आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि तुळयांचे पोपडे सुटतात, तो खर्च वेगळा. शिवाय आपल्याकडे फक्त वादळ नाही. रत्नागिरी जिल्हा भूकंपाच्या नकाशावर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या झोनमध्ये धरला जात आलाय, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आमच्या आजीला मरेपर्यंत आठवत होता. वाऱ्यात जे वजन उपकारी, तेच भूकंपात वैरी. १९९३ मध्ये किल्लारीला जाड दगडी भिंती आणि वरची मातीची माळवदं यांनीच माणसं गाडली. कॉलम-बीमचं नीट घर असेल तर स्लॅबला माझी हरकत नाही. पण मातीत रचलेल्या जुन्या जांभ्याच्या भिंतींवर स्लॅब चढवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या घरी मी फार वेळ बसत नाही.

पत्र्याचे गुण मोठे आहेत. हलका, झटपट होणारा, वानरांना दाद न देणारा. चुकतो तो बहुतेक वेळा बसवण्यात. उतार कमी ठेवतात, आणि उतार जितका कमी तितकी वाऱ्याची ओढ जास्त. कडेच्या रांगांना मधल्याइतकेच स्क्रू मारतात, खरं तर तिथे ते दाट हवेत. पाइपाचा सांगाडा खांबांना वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर चिकटवलेला असतो. आमचे पत्रे पाइपांसकट उडाले ते यामुळेच. स्क्रू धरून राहिले, सांगाडाच सुटला. पावसाच्या आवाजाबद्दल सगळे बोलतात. मला त्यापेक्षा त्रासाचं वाटायचं ते सैल झालेल्या एका पत्र्याचं रात्रभर धडधडणं. उन्हानं स्क्रूखालचं रबर वाळतं आणि दर मे महिन्यात कुणीतरी पाना घेऊन वर चढावं लागतं.

तरीही एवढ्यावर मी पत्रा सोडला नसता. सोडला तो वादळानंतरच्या दिवसांमुळे.

वीज गेली ती आमच्या वाडीत महिना उलटून गेल्यावर आली. फोनला रेंज नाही. रस्त्यावर जागोजाग आंबे-फणस आडवे. आणि पाऊस थांबायला तयार नव्हता, आठ दिवसांत मोसमी पाऊस हर्णैपर्यंत आलासुद्धा. पत्र्याची पडवी पुन्हा उभी करायची तर वाकलेले पाइप कापायला हवेत, वेल्डिंग हवं, ड्रिल हवं. प्रत्येकाला वीज लागते. तालुक्याच्या गावचा फॅब्रिकेटर मोटारसायकलवर जाऊन गाठला. म्हणाला, उद्या येतो. पुन्हा गेलो, जनरेटर दुसरीकडे गेलाय. तिसऱ्यांदा गेलो तर पत्रेच नाहीत, गाडी येईल तेव्हा बघू. त्याचाही दोष म्हणता येणार नाही, सगळा तालुका त्याच्या दारात उभा होता. पण आमची पडवी निळ्या ताडपत्रीखाली गणपतीपर्यंत राहिली. आरतीला उभे असताना ताडपत्रीत साठलेलं पाणी पुजाऱ्याच्या खांद्यावर रिकामं झालं, आणि मंत्र न थांबवता त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते माझ्या लक्षात आहे.

त्याच आवारात माजघराचं काय झालं? आईनं अंगणात पडलेल्या कौलांतून धड असलेली निवडून रांगा लावल्या. गोठा तसाही रिकामाच होता, त्याची उरलेली कौलं उतरवली. मी आणि एक गडी शिडी लावून चढलो. आतूनच वरचं कौल उचलायचं, खाली नवं सरकवायचं, रीप, म्हणजे कौल ज्यावर टेकतं ती लाकडी पट्टी, मोडली असेल तर विळ्यानं तासलेली दुसरी ठोकायची. ना वीज, ना ऑर्डर, ना कुणाचं ‘उद्या’. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माजघरात चूल पेटली आणि धान्याचे डबे कोरड्यात आले.

तेव्हा माझं मत कौलाकडे झुकलं. आता त्याच्या खोड्या. वानरं, हे पहिलं उत्तर. एक टोळी आली की दहा-पंधरा कौलांचा हिशोब. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागते, आणि ती नीट करणारे गडी वाडीत दोनच उरलेत, दोघंही साठीपुढचे. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, बसल्यासारखी दिसतात आणि गळतात. म्हणून घेतानाच एकाच छापाची घ्या, शंभराला दहा जास्त. लोक कौलं उतरवून स्लॅब टाकत असल्यामुळे जुनी, चांगली भाजलेली कौलं स्वस्तात मिळतात. ती वाजवून घ्या, खणखणीत वाजली तरच.

नव्यानं टाकताना मी चार गोष्टींवर अडून बसलो आणि सुताराशी थोडं वाजलंही. छप्पर दोन उतारांच्या दुपाखीऐवजी चारही बाजूंना उतरणारं चौपाखी केलं, म्हणजे वाऱ्याला सरळ अंगावर घ्यायला त्रिकोणी भिंत उरत नाही. जांभ्याच्या भिंतीवर चारही बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतला. तो भूकंपात भिंती एकत्र धरतो आणि वादळात वासे बांधायला जागा देतो. प्रत्येक वासा त्या पट्ट्यात गाडलेल्या लोखंडी पट्टीला बोल्टनं धरला, नुसता खिळा नाही. आणि वळचणीच्या तीन रांगा, आणि दोन उतार जिथे मिळतात त्या कोनवाशांच्या कडा तारेनं रिपांना बांधल्या. मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला तार ओवायला भोक असलेला कान असतो, बहुतेकांना तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. साधी तार खाऱ्या हवेत दोन वर्षांत तुटते, म्हणून तांब्याची घेतली. सुतार हसला. वळचण मात्र दीड हातावर आखूड केली, त्यामुळे भिंतीला ओल थोडी जास्त येते, हे कबूल.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. आमची आठ कौलं सरकली, एकही उडालं नाही. पण ते वादळ समुद्रातून, किनाऱ्यापासून दूर राहून गुजरातकडे गेलं, तेव्हा यावरून छाती फुगवावी असं काही नाही.

तुमचं घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहणार असेल तर मी कौलाचा आग्रह धरणार नाही. एक कौल सरकलं आणि कुणी पाहिलंच नाही, तर पुढच्या गणपतीत कुजलेली तुळई दिसते. अशा घराला नीट बांधलेली स्लॅब बरी, किंवा चांगल्या उताराचा, दाट स्क्रूंचा पत्रा. पैसे असतील तर कौलारू घरातसुद्धा न्हाणीघर आणि लगतची एक खोली स्लॅबची करा. वादळात माणसं तिथे बसतील. आम्ही तेवढी केली, आणि हो, ती झिरपते.

विहिरीमागे, जिथे भावाची शेड येऊन पडली होती, तिथे मी दोनशे कौलं उभी रचून ठेवली आहेत. त्यातली वीस-पंचवीस वानरांनी आतापर्यंत वसूल केली. भाऊ त्याच्या नव्या शेडचं कोटेशन दाखवायला परवा आला होता. जाताना गोठ्यासाठी पन्नास कौलं मिळतील का, असं विचारून गेला.