पॉप-अप गोलचा संच: सामान घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

'बॉल गेल्यावर लगेच परत मिळवा' असं सांगत विकला जाणारा हा फुटबॉलचा सराव-संच. ४ पॉप-अप (घडीचे, सोडले की उघडणारे) गोल, ३ रंगांची प्रत्येकी ६ बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायची बंडी), खुणेसाठी ४० डिस्क आणि एक छोटी पुस्तिका. सामान चांगलं आहे. पुस्तिकेने मात्र मूळ मुद्द्यालाच चूक केली आहे.

तिच्यात लिहिलंय, बॉल गेला की सगळ्यांनी बॉलवर तुटून पडा. तसं केलं तर एका तिरक्या पासवर तिघं मागे पडतात. बॉलवर जायचं ते सर्वात जवळच्या एकाने, तेही किंचित वळसा घेऊन, म्हणजे पुढचा पास त्याच्या अंगाआड जातो. त्याच्यानंतर जवळ असलेल्या दोघांनी जवळचे पास पकडायचे. आणि मागच्यांनी? पळत मागे जायचं नाही, वर सरकायचं. पुढचे दाबतायत आणि मागचे हटतायत, तर मधे २५ मीटरचं रान मोकळं होतं, काउंटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा झटपट उलटा हल्ला, तिथूनच निघतो. पहिला दाब फुटला किंवा ५ सेकंद उलटली, की मगच सगळ्यांनी बॉलच्या मागे यायचं. आधी मधला भाग बंद, कडा नंतर.

प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलांच्या बार्सिलोना संघाला हे जमायचं, कारण आखूड पासमुळे बॉल जातानाच तिघं-चौघं जवळ असायचे. खेळाडू २० मीटरवर पांगलेले असतील तर ती ५ सेकंद धावण्यातच जातात. जर्मन प्रशिक्षक राल्फ रांगनिक सरावात ८ सेकंदांचं घड्याळ लावत. या संचात घड्याळ नाही, मोबाइलवर भागतं.

चार गोल असण्याचा फायदा इथे कळतो. ३० बाय २५ मीटरचा चौकोन, दोन्ही टोकांना दोन-दोन गोल, ५ विरुद्ध ५, तिसऱ्या रंगातले दोघं ज्याच्याकडे बॉल त्याच्या बाजूने. समोर दोन गोल दिसतात, त्यामुळे दाबणाऱ्याने अंग चुकीचं वळवलं की लगेच गोल बसतो. कोचला ओरडावं लागत नाही.

तक्रारी दोन. गोलची रिंग इंग्रजी आठासारखी पिळून घडी घालावी लागते. उलटी पिळली की तार वाकते आणि गोल कायमचा तिरपा. खुंट्याही बारीक: मुरमाच्या मैदानात शिरत नाहीत, टर्फवर ठोकू देत नाहीत. प्रत्येक गोलमागे वाळूच्या दोन पिशव्या लागतीलच.