सोलापुरी टेरीचा एहराम: उमऱ्यासाठी घेताना

सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच टेरीची एहराम जोडी, म्हणजे यात्रेत पुरुष नेसतात-पांघरतात ते दोन सुटे तुकडे, उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) उत्तम चालते, फक्त वजन बघून घ्या. हाताला गुबगुबीत लागली म्हणून भुलू नका. 115 बाय 230 सेंटिमीटरचे दोन तुकडे 400 जीएसएममध्ये (चौरस मीटरला 400 ग्रॅम) दोन किलोच्या वर भरतात, आणि वुजूचं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) पाणी लागलं की खांद्यावर ओझंच! मक्केच्या उन्हाळ्यात 300 च्या आसपासची जोडी बरी. त्याहून विरळ विणीचं कापड उजेडात आरपार दिसतं.

कोरी टेरी तंतू सोडते, म्हणून आधी दोन-तीनदा धुवा. साबण बिनवासाचा हवा, कारण नियत (यात्रेचा संकल्प) झाल्यावर सुगंध चालत नाही. कंडिशनर तर नकोच, त्याने कापड पाणीही कमी टिपतं.

काठाची दुमडपट्टी शिवलेली असली तरी हरकत नाही. मनाई आहे ती अंगाच्या बेतानं शिवलेल्या कपड्यांना. खालचा तुकडा बेंबीच्या वर गुंडाळून वरची कड दोनदा बाहेर वळवा आणि वरून पट्टा बांधा. नाहीतर सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांत तो सैल होतो. तवाफात (काबेभोवतीच्या फेऱ्यांत) वरचा तुकडा उजव्या काखेतून डाव्या खांद्यावर घ्यायचा. नमाजेआधी दोन्ही खांदे झाकायचे.

बायकांना ही जोडी लागत नाही. जेद्दाच्या विमानात मीकात (जिच्याआधी एहराम नेसून नियत करायची ती हद्द) उतरण्याआधीच येतो, त्यामुळे जोडी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.