मिनिआपोलिस की फिनिक्स: सहा हिवाळे आणि तीन उन्हाळे वापरून झाल्यावर

दोन्ही शहरांत भाडं भरून राहिले आहे आणि दोन्हीकडची बिलं माझ्या नावावर आली आहेत, तेव्हा अभिप्राय लिहायला हरकत नसावी. मिनिआपोलिस, मिनेसोटा: २०१६ च्या ऑक्टोबरपासून सहा हिवाळे. फिनिक्स, ॲरिझोना: २०२३, २०२४ आणि २०२५ चे तीन उन्हाळे. बाकीचे महिने मी धरतच नाही. जूनमधलं मिनिआपोलिस आणि जानेवारीतलं फिनिक्स इतकं देखणं असतं की त्यावर भाळून घर घेणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं.

नवऱ्याला आता कुठूनही काम करायची मुभा मिळाली आहे. त्यामुळे पहिल्यांदाच आम्हाला कुणी पाठवत नाहीये, आमचं आम्ही ठरवायचं आहे. ओळखीचे सगळे एकच म्हणाले, "तू अकोल्याची, तुला फिनिक्सच मानवणार." मलाही तसंच वाटत होतं. मे महिन्यात ४४-४५ अंशांत सायकलवरून शिकवणीला गेलेली मुलगी मी, मला कोण ऊन शिकवणार?

आधी थंडीचा हिशोब.

मिनिआपोलिसचं घर जुन्या दुमजली इमारतीतला वरचा मजला. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस. आम्ही तिला भट्टीच म्हणायचो. ती मधूनमधून धडधडत सुरू व्हायची आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा वर यायची. बाहेर काहीही असो, घरात २० अंश. माझी मुलगी त्या जाळीवर फ्रॉक पसरून फुगा करून बसायची. जानेवारीत गॅसचं बिल दीडशे डॉलरच्या वर जायचं आणि तरी ते मला कधी टोचलं नाही. तक्रार एकच, भयंकर कोरडेपणा. ओठ फुटायचे, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसायचा, नाकातून रक्त यायचं. धुतलेली जीन्स रात्री घोडीवर टाकली की सकाळी पापडासारखी कडक.

विरजण मात्र ओट्यावर काही केल्या लागेना. पहिल्या हिवाळ्यात तीन दिवस मी दुधाकडे बघत बसले. मग शेजारच्या इमारतीतल्या एका गुजराती काकूंनी सांगितलं, पातेलं ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन लावू नकोस, नुसता आतला दिवा चालू ठेव. त्या दिव्याच्या उबेवर सहा वर्षं दही लागलं.

खरी थंडी पाहिली ती ३० जानेवारी २०१९ ला. त्या दिवशी पारा उणे ३३ सेल्सिअसवर होता आणि वारा धरला तर बराच खाली. टपाल खात्यानं आख्ख्या मिनेसोटात टपाल वाटणं त्या दिवसापुरतं थांबवलं. आम्ही स्वयंपाकघरातल्या सिंकखालची कपाटाची दारं उघडी टाकली आणि नळ बारीक धारेनं चालू ठेवला, म्हणजे पाइपातलं पाणी गोठायला नको. नवरा कचरा टाकायला तीन मिनिटं बाहेर गेला, परत आला तेव्हा पापण्यांवर पांढरं. पण घाबरलो का? खरं सांगायचं तर नाही. त्या थंडीला एक शिस्त असते. आतून थर्मल, त्यावर लोकर, त्यावर पिसांचं जाकीट. प्रत्येक थराला उत्तर मिळतं. कान झाकले नाहीत तर दोन मिनिटांत कान सांगतात. ती गुपचूप काही करत नाही.

या शहराच्या सेवांपैकी मला सर्वांत आवडलेली म्हणजे स्कायवे. डाउनटाउनमधल्या इमारतींना पहिल्या मजल्याच्या उंचीवर जोडणारे काचेचे बंद पूल, १९६२ पासून एकेक करत बांधलेले. आज हे जाळं साधारण १५ किलोमीटरचं आहे आणि ८० च्या आसपास ब्लॉक त्यात गुंफले आहेत. माझं ऑफिस, बँक, दातांचा डॉक्टर, जेवायच्या टपऱ्या, सगळं जाकीट हातावर टाकून. खाली रस्त्यावर उणे २०, वर मी सुती कुर्त्यात. दोष आहेत. प्रत्येक पूल त्या त्या इमारतीच्या मालकाचा, त्यामुळे वेळा वेगवेगळ्या. शनिवारी संध्याकाळी अर्धा रस्ता चालून गेलात की पुढचं दार बंद, मग मुकाट खाली उतरून बर्फ तुडवा. पाट्या तर अशा की नवा माणूस त्याच कॉफीच्या दुकानापाशी तीनदा येतो. आणि सगळी वर्दळ वर गेल्यामुळे खालचे रस्ते ओकेबोके. तरी चार तारे.

दुसरी सेवा बर्फ उपसण्याची. जोराचा बर्फ पडला की शहर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करतं आणि तीन दिवसांचं वेळापत्रक सुरू होतं. पहिल्या रात्री मुख्य मार्ग मोकळे ठेवायचे, दुसऱ्या दिवशी लहान रस्त्यांची सम क्रमांकाची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. आमच्या वाड्यात पाणी यायच्या वेळा जशा पाठ असायच्या तसंच हे पाठ करावं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही सम आणि विषम यांत घोळ घातला आणि गाडी उचलून नेली. चूक आमची, दंड आमचा. घरासमोरची पायवाट मात्र ज्याची त्यानं साफ करायची, बर्फ थांबल्यापासून २४ तासांत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा आमच्या वाटणीचंही फावडं मारून ठेवायचे. मी त्यांना चकल्या द्यायचे. ते त्यांना 'मसालेदार प्रेट्झेल' म्हणायचे, मी दुरुस्त केलं नाही.

उणी बाजू अंधार. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. दिवाळीला रांगोळी काढायची तर दारात बोटं बधिर. फेब्रुवारी संपत नाही. मार्चमध्ये पुन्हा बर्फ पडला की मी रडलेली आहे, चक्क भांडी घासताना. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, त्यानं फरक पडला की मार्च संपल्यानं, कुणास ठाऊक.

आता फिनिक्स.

गेलो तेव्हा पहिले आठ महिने मी माहेरी आल्यासारखी होते. अंगणात लिंबाचं झाड. कढीपत्ता कुंडीतून जमिनीत लावला तर दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागला. मिनिआपोलिसला हाच कढीपत्ता खिडकीत बसून चार पानांवर दिवस काढत होता. दिवाळीत उघड्या अंगणात फराळ. आणि घरावर चक्क कूलर! त्याला तिथे 'स्वॅम्प कूलर' म्हणतात, पण छपरावरचा तो पत्र्याचा डबा, ओल्या पॅड, आत पंखा आणि पंप बघितल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, हा आपल्या अकोल्याचाच, फक्त वाळ्याचा वास नाही. मे आणि जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलरवर सुरेख भागतं आणि बिल नाममात्र. शहराचा नियमसुद्धा कूलरला ओळखतो. भाड्याच्या घरात एसी असेल तर मालकानं खोली ८२ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २८ सेल्सिअसपर्यंत गार ठेवता आली पाहिजे, आणि कूलर असेल तर ८६, म्हणजे ३० पर्यंत. असा कायदा अकोल्यात असता तर आमच्या घरमालकाची झोप उडाली असती.

२०२३ च्या मे महिन्यात आई आली. आल्या आल्या तिनं ऊन बघितलं आणि गव्हाचा चीक करायला घेतला. कुरडया सकाळी घातल्या, संध्याकाळी डब्यात. तिच्या मते हे जगातलं सर्वांत शहाणं ऊन. दही चार तासांत लागायचं आणि सहाव्या तासाला आंबट ढाण.

मग जुलै आला. ३० जून ते ३० जुलै, सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्याही वर. जुलैतच तिकडचा मान्सूनही सुरू होतो. त्याला पाऊस कमी, दमटपणा आणि धुळीची वादळं जास्त. अकोल्यात पहिल्या पावसानंतर कूलर जसा निकामी होतो तसाच इथेही झाला. अंग चिकट, हवा गरम. कूलर बंद, एसी चोवीस तास. त्या महिन्याचं विजेचं बिल साडेतीनशे डॉलरच्या पुढे. आमच्या योजनेत दुपारी चार ते सात वीज महाग, म्हणून लोक तीनपर्यंत घर गोठवून ठेवतात आणि मग तीन तास पडदे ओढून श्वास रोखून बसतात. आम्हीही बसायचो.

आणि एका रविवारी एसी बंद पडला. कपॅसिटर गेला होता. मुठीत मावणारा पत्र्याचा डबा, उन्हाळ्यात हाच सर्वांत जास्त जातो असं नंतर कळलं. दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी आला. त्याला बोल लावत नाही, त्या महिन्यात सगळ्या गावाला तोच हवा होता. पण रात्री नऊला घरात ३७ अंश झाले तेव्हा आईचा चेहरा लाल झालेला बघून माझे हातपाय गळाले. आम्ही तिला गाडीत घालून जवळच्या चँडलर गावात मैत्रिणीकडे गेलो. थंडीत घर बंद पडलं तर चार रजया काढता येतात. उन्हात कातडी कुठे काढून ठेवणार? त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. बरेचसे बेघर माणसांचे. घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी नव्हता किंवा असून चालत नव्हता. हा आकडा वाचल्यापासून छपरावरच्या यंत्राचा आवाज जरा बदलला की मी झोपेतून उठते.

तरी दिवस मी सहन करीन. दुपारी कुलूप लावून बसायची आम्हा वऱ्हाड्यांना सवय आहे. मला हरवलं ते रात्रीनं. अकोल्यात संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी मारायचं, सिमेंटचा वास यायचा, गाद्या पसरायच्या आणि पहाटे कुणीतरी चादर ओढून घ्यायचं. उन्हाळ्याचा सौदाच तसा होता, दिवस त्याचा, रात्र आपली. फिनिक्समध्ये १९ जुलै २०२३ च्या पहाटे, दिवसातल्या सर्वांत गार वेळी, ३६ अंश होते. डांबर आणि काँक्रीट दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर ओकत राहतं. आई हौसेनं एकदा रात्री दहाला अंगणात खाट टाकून बसली. दहा मिनिटांत आत आली आणि म्हणाली, "दिवसाचं ऊन त आपल्याच गावचं हाये वं, पण इथं रात्रच होत नाही."

त्या वाक्यावर माझा निर्णय झाला असावा, कळायला आणखी दोन उन्हाळे लागले. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस दुपारचा पारा १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसच्या, खाली थांबलाच नाही. मुलीला जुलै म्हणजे सुट्टी नव्हे, कैद. घसरगुंडीला हात लावायची सोय नाही. सीटबेल्टच्या बक्कलनं भाजलं म्हणून ती गाडीत बसताना आधी बाही खाली ओढते. थंड पाण्याच्या नळाला संध्याकाळी आंघोळीचं पाणी. गच्चीवरच्या टाकीमुळे अकोल्यातही तेच व्हायचं म्हणा. लोक चांगले आहेत, शेजारी दोनदा पुरणपोळी मागून घेऊन गेले, पण चार महिने कुणी कुणाला दिसत नाही. गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत, दार बंद. मिनिआपोलिसच्या बर्फात निदान गाडी ढकलायला चार जण यायचे.

गाडीवरून आठवलं, बॅटरीचा अनुभव दोन्हीकडचा द्यायला हवा. मिनिआपोलिसला चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी ती बोललीच नाही. फिनिक्सला नवीन घेतलेली दोन वर्षांत गेली. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी मरते ती उन्हानं, थंडी फक्त ती मेल्याचं उघड करते. मी ते घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना नोव्हेंबर ते मार्च एवढंच राहायचं आहे, त्यांनी डोळे मिटून फिनिक्स घ्यावं. त्या पाच महिन्यांना पाच तारे. बारमाही वापरासाठी, लहान मूल असेल तर, आणि महिन्याचं बिल भरताना हात जरा आखडत असेल तर, माझा कौल मिनिआपोलिसला. साडेतीन तारे. उरलेला दीड फेब्रुवारीनं खाल्ला.

मार्चअखेर सामान हलतंय. कढीपत्ता आता उपटण्यासारखा राहिलेला नाही, समोरच्या तेलुगू वहिनींना त्याची चावी दिल्यासारखं अंगणाचं फाटक दाखवून ठेवलंय. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मंग कुरडया कुठं वाळवशीन?"

म्हटलं, भट्टीच्या जाळीवर ताट ठेवीन. जीन्स वाळते तिथं कुरडई का नाही वाळणार. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आधी पाचच करून पाय."